काही घडलंच नाही

प्रिय आत्या,

तोंडावर कौतुक केलं की तू लगेच गॅसवरचं दूध बघायला उठतेस, म्हणून हे पत्रात लिहितेय, आणि तेही पाठवणारच नाही.

आपल्या ऑफिसातला तो कुरकुऱ्या कारकून आठवतो ना? पंखा, चहा, साहेब, कशालाच न सोडणारा. बढती हुकली आणि तो एकदम गप्प झाला. सगळे म्हणाले, "सुटलो बाबा." काल त्याने टेबलावरची लाडकी कुंडी मला देऊन टाकली आणि मला तुझं बोलणं आठवलं. तू सांगायचीस, "भांडणारा माणूस भांडायचा थांबला, वस्तू वाटायला लागला, की त्याच्याजवळ जाऊन बस गं."

साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "सिनेमे कमी बघ." मग मी वॉचमनला दाराशी उभं केलं, टेबलावरची कात्री खणात टाकली आणि तुझ्यासारखीच, समोर न बसता शेजारी बसले. म्हटलं, "कुंडी परत घ्या. आणि झोप लागते का, ते सांगा."

बराच वेळ तो कुंडीतली माती चाचपत राहिला. मग बॅगेतून सुरा काढून त्याने माझ्याकडे सरकवला. "साहेबांसाठी आणला होता," म्हणाला. त्याचा भाऊ येऊन त्याला डॉक्टरकडे घेऊन गेला.

सुरा बघून साहेबांनी केबिनचं दार आतून लावून घेतलं. संध्याकाळी मात्र त्यांनी वर कळवलं, "विशेष काही घडलं नाही."

तुझ्या निरोपसमारंभातही हेच म्हणाले होते, "बाईंच्या काळात इथे कधी काही घडलंच नाही." आम्ही उरकल्यासारख्या टाळ्या वाजवल्या. तू मात्र मान खाली घालून हसत होतीस.

तुझ्या खुर्चीत बसलेली,
तुझी भाची