खोली शांत ठेवू नये

मी, शुभदा प्रताप दाबके, वय सत्तेचाळीस, राहणार ड्रेस्डेन, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. इथल्या कायद्याला साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात, म्हणून शेवटी दोन सह्या आहेत. कानाच्या नसेवरची गाठ आता मेंदूपर्यंत गेली आहे. अक्षर वाकडं आलं तरी बुद्धी ठिकाणावर आहे.

१. राहत्या घरातला माझा अर्धा हिस्सा मुलगी तनया हिचा. माझे पती प्रताप यांनी हयात असेपर्यंत तिथेच राहावं. त्यांना कुणी उठवू नये.

२. दागिने तनयाचे. घालायचे की मोडायचे ते तिने ठरवावं.

३. मी पुण्यात गाणं शिकले आणि इथे मराठी मंडळातल्या मुलांना शिकवत होते. मग डाव्या कानात शिट्टी सुरू झाली, ती थांबलीच नाही. षड्ज लावला की ती शेजारी बेसूर उभी. आमचे हाउसआर्ट्स्ट, म्हणजे घरचे डॉक्टर, म्हणाले, परदेशात घरी बसणाऱ्या बायकांना असं होतं, पोहायला जा. मी पोहत राहिले. त्या डॉक्टरांना माझ्या शेवटच्या स्कॅनची प्रत पाठवावी. सोबत पत्र नको.

"सूर लागत नाही, तर अडगळ कशाला?" असं म्हणून प्रताप यांनी माझा तंबोरा मला न विचारता मंडळाला देऊन टाकला. मी तो दिलेला नाही. परत घेऊन माझी विद्यार्थिनी अरुंधती हिला द्यावा.

४. लोखंडी पत्रा, त्याला चिकटवलेले माइक, पेडल, अँप्लिफायर आणि घराखालच्या केलरमधल्या सर्व कॅसेट ओसाकाच्या रेइको मोरिता हिला. रेइको माझ्याबरोबर जर्मनच्या वर्गात होती. ती नॉइज वाजवायची. त्यात राग नाही, ताल नाही. पत्रा घासायचा आणि तो आवाज बरगड्या थरथरेपर्यंत वाढवत न्यायचा. इथल्या नॉयश्टाट भागातल्या एका बंद कारखान्याच्या तळघरात तिने मला नेलं. वीसेक माणसं हाताची घडी घालून उभी होती. तिने सुरुवात केली आणि माझ्या कानातली शिट्टी बुडाली. मी भिंतीला टेकून रडले.

"आवाज फार मोठा झाला का?" तिने नंतर काळजीने विचारलं.

"थांबलीस कशाला?" मी म्हटलं.

पुढे मीही तिच्याबरोबर वाजवू लागले. आमच्या कॅसेट तिने ओसाकात काढल्या. तिथल्या छोट्या दुकानांत त्या विकल्या जातात. त्यांतली खरखर कुणीही साफ करू नये, ती खराबी नाही. प्रताप एकदाही आले नाहीत. "अहो, एकदा तरी या," म्हटलं तर म्हणाले, "गाणारी बाई भंगार घासते, ते बघायला येऊ?" या वाक्याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही. कलम एकवर याचा परिणाम नाही.

५. दहन इथेच करावं. मंडळाने भजन ठेवू नये.

६. मरणाऱ्या माणसाभोवती लोक शांतता राखतात. शांततेत मला फक्त ती शिट्टी ऐकू येते. म्हणून हॉस्पिसमध्ये मी बेशुद्ध असले तरी खोली शांत ठेवू नये. हेडफोन लावून रेइकोची कॅसेट चालू ठेवावी. नर्सशी बोलणं झालं आहे, या कलमाची प्रत तिच्याकडे आहे.

हे काम तनयाचं. ती मराठी समजते, पण लहानपणापासून उत्तर जर्मनमध्येच देते. मागच्या वर्षी ती एकदा त्या कारखान्याच्या तळघरात आली आणि कानात बोळे घालून शेवटपर्यंत उभी राहिली. नंतर तिने विचारलं, "टूट डास वे, मामा?" दुखतं का आई, म्हणून.

"वाजत असतं तोवर नाही," मी म्हटलं.

"मग वाजव ना, आई," ती म्हणाली. मराठीत.

माझा श्वास थांबला असं डॉक्टरांनी सांगितल्यावरही कुणी घाईने बटणाला हात लावू नये, प्रताप यांनीही नाही. कॅसेट बंद करण्याचा अधिकार फक्त तनयाचा. तिला वाटेल तेव्हा.

सही: शुभदा प्रताप दाबके
ड्रेस्डेन, ९ नोव्हेंबर २००६

आमच्यासमोर सही केली:
प्रभा साठे, शेजारीण
श्रीरंग केळकर, प्रताप यांचे सहकारी