दोन नंबरची पट्टी

२२ एप्रिल

क्रुशाकला गेले. जिल्ह्यापासून चव्वेचाळीस किलोमीटर, शेवटचे नऊ खडीचे. बंद पडलेल्या शाळेत दवाखाना करायचा म्हणून गावाने सरकारकडे निधी मागितला आहे. तिसऱ्यांदा. माझं काम एवढंच – भिंतींच्या भेगा जुन्या की अजून वाढताहेत ते सांगणं.

भेगेवर जिप्समची आडवी पट्टी लावायची, त्यावर तारीख घालायची. तीस दिवसांत पट्टी तुटली तर भिंत हलते आहे, आणि निधी नाही. तीन पट्ट्या लावल्या. एक आणि तीन बाहेर उघड्या दगडावर, दोन नंबरची आत वर्गात, चुना दिलेल्या भिंतीवर. फॉर्मवर ‘पट्टी बसवणाऱ्याचे नाव’ असा रकाना आहे. माझं नाव लिहिलं.

एक म्हातारा गवंडी सगळा वेळ दारात उभा होता. त्सोन्यो आजोबा म्हणतात त्याला. एकदाच बोलला – “हात धुवायला पाणी देऊ का, पोरी?”

२९ एप्रिल

तिन्ही शाबूत.

आज डॉक्टरचा दिवस होता. महिन्यातून दोनदा येतो आणि दुकानातच, पडद्याआड, लोकांना तपासतो. मी पाण्याची बाटली घ्यायला गेले तर आतून – “कुठे दुखतं, आजी? लाजू नका.” दुकानदाराने लगेच रेडिओ मोठा केला. सगळी माणसं उठून बाहेर उन्हात जाऊन उभी राहिली, एकमेकांकडे न बघता. मीही गेले.

गावाचा कारभार पेत्काना मावशी बघते. आधी नर्स होती, आता निवृत्त. म्हणाली, “हा रेडिओ आमचा पडदा. बॅटरी संपली की आजारी पडायची बंदी!” स्वतःच हसली. मी हसले नाही. निरीक्षकाने हसू नये.

८ मे

६ मेला गेओर्गीचा सण होता, म्हणून दोन दिवस उशिरा गेले. तिन्ही शाबूत. मावशीने भाजलेलं कोकरू पुढे केलं. नको म्हटलं – नियम आहे. “नियमाला भूक लागत नाही का गं?”

१५ मे

तिन्ही शाबूत. शेवटच्या तपासणीला आठवडा.

२२ मे

दोन नंबरची पट्टी माझी नाही!

आज पहिल्यांदा कॅलिपर लावून जाडी मोजली. माझी बारा मिलिमीटर जाड होती, ही दहा. कडा तिरप्या उतरवलेल्या, पृष्ठभाग काचेसारखा. तारीख मात्र माझीच, २२ एप्रिल, आणि माझ्याहून सुबक. एवढी सफाई गावात एकाच हाताला आहे.

तशीच दुकानात गेले. आठ-दहा माणसं होती, त्यांत त्सोन्यो आजोबाही. त्याला विचारलं, “पट्टी तुम्ही बदललीत?”

“हो. मीच.”

“का?”

त्सोन्यो आजोबाने टोपी काढली, परत घातली. “फार वाईट दिसत होती.”

कोणीतरी फिसकन हसलं. माझे कान तापले. मी सांगितलं, याला पुरावा नष्ट करणं म्हणतात. तो जमिनीकडे बघत राहिला.

बदललेल्या पट्टीला हात लावला नाही. पुरावा आहे.

२३ मे

अहवाल पाठवला. ‘पट्टी क्र. २ तुटली असावी. ग्रामस्थाने परस्पर बदलली. भिंत स्थिर असल्याची खात्री देता येत नाही. प्रस्ताव नामंजूर करावा.’

चूक काही नाही त्यात. तीनदा वाचला.

२ जून

पेत्काना मावशीचा फोन. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. “आता मी काही चौथ्यांदा अर्ज करणार नाही, बाई. माझे गुडघे संपले.” मग – “तू जेवतेस ना वेळेवर?”

पंधरा जूनला यंदाचे प्रस्ताव बंद होतात.

११ जून

मावशी ऑफिसात आली. पहिल्या बसने. टेबलावर रुमालाची पुरचुंडी ठेवली. आत माझी मूळ पट्टी, दोन तुकड्यांत. आजोबाने कोटाच्या खिशात ठेवली होती म्हणे.

“मला म्हणतो, फेकून दे. पोरगी नवीन आहे, चारचौघांत तिची शोभा कशाला. मी म्हटलं, आणि दुकानात तुझी झाली ती? सणाच्या आदल्या दिवशी कोकरू भट्टीत घालायचं सोडून हा गाढव भिंत खरवडत बसला होता! अख्ख्या गावाने बघितलं.”

मी म्हणाले, मला काम आहे.

“कर ना. फक्त एकदा उलटून बघ.”

ती गेल्यावर पुरचुंडी खणात ठेवली.

१२ जून

सकाळी उलटून बघितली. मागची बाजू पांढरी, गुळगुळीत – चुन्याचा अख्खा पापुद्रा चिकटून आलेला. आणि ती तुटली आहे टोकाशी, भिंतीच्या भेगेपासून सहा सेंटिमीटर दूर. म्हणजे भिंत हललीच नव्हती. चुना न खरवडता लावलेली माझी पट्टी भिंतीला धरलीच नव्हती. वाळताना आपली आपणच तुटली. फार वाईट दिसत होती – तो तेवढंच म्हणाला होता, आणि ते खरं होतं.

दुपारी क्रुशाकला जाऊन आले. एक, तीन शाबूत. त्याची पट्टी दगडावर पक्की, केसाएवढीही चीर नाही. ५ मेपासून अडतीस दिवस. ती ५ मेलाच बसवली याला चौदा जणांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या.

अहवाल मागे घेतला, नवा लिहिला. भिंत स्थिर. पट्टी तुटण्याचे कारण: निरीक्षकाची चूक. दोन नंबरपुढच्या ‘पट्टी बसवणाऱ्याचे नाव’ या रकान्यातलं माझं नाव खोडलं, त्सोन्यो लिहिलं, आणि थांबले. आडनाव माहीत नव्हतं. मावशीला फोन करून विचारलं.