पालथ्या मुक्कामाहून

सहधर्मचारिणीस, पालथ्या पतीचा सप्रेम नमस्कार.

प्रथम एक गंभीर तक्रार. इथली उशी इतकी पातळ आहे की तिचं अस्तित्व अनुमानानेच सिद्ध करावं लागतं. प्रत्यक्ष प्रमाण मिळत नाही.

बाकी उपचार पार पडला. भगंदराच्या नळीत बारीक तार घालून ती आतून भाजून बंद केली. सुरी लागली नाही. दुखणं सोसण्याजोगं आहे. तुझी कंबर कशी आहे? पाण्याच्या बादल्या लेकीला उचलू दे.

शेजारच्या खाटेवर एक ड्रायव्हर आहे. त्याच्यावर हाच उपचार माझ्याआधी झाला. जखम भरली होती, पुन्हा पू आला म्हणून काल परत दाखल झाला. धीर द्यायला मी एक श्लोक म्हटला. तो म्हणाला, "मास्तर, जपून ठेवा. तुम्हालाही लागेल."

डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "काका, उपचार नवा आहे. किती जणांना गुण टिकतो, ते आम्हीही अजून बघतोय." नाही टिकला, तर तिथला स्नायू कापावा लागेल. मग शौचावर ताबा राहीलच असं नाही.

तुला म्हणून सांगतो, मला भीती वाटते ती वर्गाची. मी फळ्यावर लिहीत असेन, आणि काय झालंय ते मुलांना माझ्याआधी कळेल.

तुझाच