नॉर्मन कुठे ठेवायचे?

९ जानेवारी

प्रिय मामा,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. आईचा गुडघा जिना चढण्याइतपत सुधारलाय. तुझा खोकला कमी झाल्याचं तिच्याकडूनच कळलं. पूर्वी तू असलं काही थेट मला फोन करून सांगायचास.

आमच्या कंपनीचा तो खेळ छापून आला. जाडजूड पुस्तक, एक नकाशा आणि फाशांची पिशवी. खेळणारा नऊशे वर्षांपूर्वीच्या युरोपातला कुणीतरी होतो, कोळी, मठातली जोगीण, भाडोत्री शिपाई, आणि चौघं-पाच जण मिळून गोष्ट पुढे नेतात. आपण कुठल्या लोकांतले, हे आधी निवडायचं असतं. ती वर्गवारीच सगळ्यांना आवडलीय. परवा एका अनोळखी वाचकानं विचारलं, इतका बारीक विचार तुम्ही कसा केलात?

मी उत्तर पाठवलेलं नाही.

मला ऑफिसात वरून सांगितलं होतं, लोकांचे सहा गट पाड आणि मोकळी हो. तसे पाडून मी तुला दाखवायला आणले. ग्रंथालयात तीस वर्षं पुस्तकांवर क्रमांक चिकटवलेला तू, चष्मा कपाळावर सरकवून म्हणालास, "आणि नॉर्मन कुठे ठेवणार? पणजोबा उत्तरेचे दर्यावर्दी, पणतू फ्रेंच बोलतो."

"कोंबू कुठेतरी."

"कोंबलेलं पुस्तक पुन्हा सापडत नाही गं."

मग पाच महिने दर रविवारी तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकेका लोकांचं एक, अशी तुझ्या हातानं लिहिलेली कार्डं पसरली. घरात काय बोलतात, पोट कशावर भरतं, प्रार्थना कुठली, कर कुणाला, हे चार प्रश्न तू प्रत्येकाला लावलेस. सिसिलीतल्या एकाच शहरात ग्रीक, अरबी आणि लॅटिन लिहिणारे शेजारी निघाले, तेव्हा तू इतका खूश झालास की चहा उतू गेला. काही स्लाव लोकांचं 'वेंड' हे नाव शेजारच्या जर्मनांनी ठेवलेलं, हेही तूच शोधलंस. मी फक्त टाइप केलं.

त्या दिवशी घाईत तुझी ओळख करून द्यायची राहिली, असं मी आईला सांगितलंय. मामा, घाई नव्हती.

कार्डांचं खोकं घेऊन ऑफिसात ये म्हणून मीच तुला फोन केला होता. तू दोन बस बदलून आलास. खोलीत आमचे साहेब होते, बाहेरून आलेले दोन प्राध्यापक होते. तू दारात उभा राहिलास, कोपरावर उसवलेला तो करडा स्वेटर घालून, आणि मला तुझा स्वेटर दिसला. तेवढाच दिसला. साहेबांनी विचारलं, "हे कोण?" मी म्हणाले, "खोकं पोचवायला आलेत."

तुला ऐकू गेलं. तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि म्हणालास, "मॅडम, कुठे ठेवू?"

मी बोटानं कोपरा दाखवला.

तू गेल्यावर साहेबांनी कार्डं चाळली. "अक्षर कुणाचं इतकं सुबक?" मी म्हणाले, माझंच. पुस्तकावरही एकटीचं नाव आलं. आई ते शेजारीपाजारी दाखवत फिरते, आणि तू तिच्याजवळ चकार शब्द काढला नाहीस. तू रागावला असतास तर मला सोपं गेलं असतं.

काल ऑफिसात सगळ्यांसमोर खरं सांगितलं. पुढच्या छपाईत तुझं नाव पहिलं येईल, असं साहेब म्हणाले. माझ्या शेजारी बसणारी चित्रकार तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. बरोबरच आहे तिचं. हे तू पाठ थोपटावीस म्हणून लिहीत नाही. चार महिने मी ते कौतुक घरी नेऊन पोटभर जेवले आहे.

'माफ कर' असं वर दोनदा लिहून खोडलं. कागदावर ते फार स्वस्त वाटतं. रविवारी दहा वाजता येते, एकटी. दार उघडावंसं वाटलं नाही तर उघडू नकोस. मी थोडा वेळ पायरीवर बसेन आणि परत जाईन.

चारचौघांत तुला ओळख न दाखवलेली,
तुझी भाची