उमाजीच्या भिंतीवरचे पेटंट

मी, एकनाथ माणिकराव भालकीकर, वय सदुसष्ट, निवृत्त रसायनतज्ज्ञ, मूळचा भालकीचा, पुढे गौलीगुड्याचा आणि हल्ली राहणार कुकटपल्ली, हैदराबाद, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही. पोट मात्र ठिकाणावर नाही. दहा-बारा दिवस झाले, अन्न समोर आले की शिसारी येते. डॉक्टर यकृताचे नाव घेतात. माझ्या मते कारण दुसरे आहे आणि ते खाली येईलच. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. कुकटपल्लीचे घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते माझा एकुलता मुलगा विक्रम याला मिळावे. तो सध्या अमेरिकेला जायच्या खटपटीत आहे. सन दोन हजार उजाडले की जगातले कॉम्प्युटर बंद पडणार म्हणे, ते दुरुस्त करायला आमचे चिरंजीव हवेत. न्हाणीघरातला गळका नळ त्यांना आठ वर्षांत दुरुस्त करता आलेला नाही. त्याला मराठी वाचायचा कंटाळा आहे, म्हणून हे मृत्युपत्र मिलिंद वकिलांनी त्याला मोठ्याने वाचून दाखवावे. मधली कलमे गाळू नयेत.

कलम २. बँकेतली ठेव आणि माझी दिवंगत पत्नी त्रिवेणी हिचे दागिने विक्रमला. रसायनशास्त्राची पुस्तके अफझलगंजच्या मोठ्या ग्रंथालयाला द्यावीत, त्यांनी घेतली तर.

कलम ३. माझे दोन थर्मामीटर, तराजू, काचेची भांडी आणि ती ज्या लाकडी पेटीत आहेत ती पेटी, हे सर्व उमाजी सोनटक्के यांना. उमाजी कोण, ते कलम पाचमध्ये.

कलम ४. माझे माजी भागीदार हिम्मतराव कासराळीकर यांना माळ्यावरची मोठी बरणी द्यावी. तिच्यात आमचा बिघडलेला माल आहे, पिवळा आणि काकवीसारखा चिकट. झाकण त्यांनी दिवाणखान्यात, चारचौघांत उघडावे. तो वास दोन दिवस जात नाही. बारा वर्षे तो माझ्या कपड्यांना येत होता आणि हिम्मतराव त्याच वासावर मोटार घेत होते.

प्लास्टिकच्या खुर्च्या-बादल्या उन्हात पिवळ्या पडू नयेत म्हणून त्यात एक रसायन मिसळतात. ते आम्ही कुकटपल्लीच्या पलीकडे एका शेडमध्ये तयार करत होतो. दुसऱ्याला पिवळे पडू न देणारा हा माल स्वतः मात्र पिवळा निघायचा. शेवटच्या टप्प्यात तो गार करताना पांढरे स्फटिक पडायला हवेत. आमच्याकडे स्फटिक न पडता तळाशी राळ बसायची. मी पुण्यात शिकलेला मनुष्य, पण तीन वर्षे मला त्याचे कारण सापडले नाही.

कलम ५. उमाजी आमच्याकडे रिअॅक्टर, म्हणजे माल शिजवायचे मोठे बंद भांडे, चालवायचा आणि धुवायचा. सन १९८६ च्या मे महिन्यात बॅच काढली आणि माल पांढराशुभ्र पडला, साखरेसारखा मोकळा. मी आनंदाने रिअॅक्टरमध्ये डोकावलो, तर आतल्या भिंतीला आदल्या बॅचचा थर तसाच चिकटलेला. उमाजीने तो धुतलाच नव्हता. शाबासकी राहिली बाजूला, मी त्याला निष्काळजीपणाबद्दल तीन दिवस घरी बसवले. त्या तीन दिवसांत रिअॅक्टर माझ्यासमोर घासूनपुसून घेतला आणि तिन्ही बॅच चिकट निघाल्या.

चौथ्या दिवशी उमाजी परत आला. त्याने बादलीत बोट घालून पाहिले आणि म्हणाला, "साब, पूरा धुवू नक्को. घरी दह्याला विरजण ठेवतोत का नाही? तसं मागल्याचं उलसंक राहू द्या."

चिमूटभर जुने स्फटिक, योग्य अंशाला, हळूच सोडायचे. बाकीचा माल त्यांचे पाहून स्फटिक होतो. हे पुस्तकात आहे. मी ते वाचलेले होते आणि परीक्षेत लिहिलेही होते. शेडमध्ये ते मला सुचले नाही, उमाजीला सुचले.

कलम ६. पुढच्या वर्षी आम्ही या शुद्धीकरणाच्या कृतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. शोधकर्त्याच्या जागी उमाजीचे नाव घालावे असे मी एकदा म्हणालो. एकदाच. हिम्मतराव हसले. "एकनाथराव, सातवी नापास माणसाचं नाव? लोक म्हणतील, शोध भांडी धुणाऱ्यानं लावला." शोध भांडी धुणाऱ्यानेच लावला होता. मी दोन नावांच्या कागदावर सही केली, एक माझे आणि एक हिम्मतरावांचे. वर आणखी लबाडी अशी की कायद्याने पूर्ण कृती लिहायची असते, आणि मी विरजणाची गोष्टच गाळली. 'सावकाश गार करून गाळावे' एवढेच लिहिले. म्हणजे ज्याने शोध लावला तोही कागदावर नाही आणि शोधही नाही.

सन १९८९ मध्ये पेटंट हातात आले. उमाजी हात पुसत आला आणि विचारले, "साब, माजं नाव बी आलंय का ह्यात?"

मी पहिल्या पानावर बोट ठेवले आणि म्हणालो, "हे काय, इथे." कागद इंग्रजीत होता, तो त्याला वाचता येत नव्हता. बोटाखाली माझे नाव होते.

त्याने पहिल्या पानाची झेरॉक्स मागून घेतली, चौकट करून देवघराशेजारी लावली. खंडेनवमीला त्याच्या घरी पाना, पक्कड आणि ते पेटंट यांची पूजा होते. त्याची बायको भामा, मी बोट ठेवले होते नेमक्या त्याच जागी, काचेवर कुंकू लावते. दर वर्षी मला जेवायला बोलावतात. मी जातो. पुरणपोळी खातो आणि वरून पुन्हा तूप मागतो.

कलम ७. सन १९९४ मध्ये बाजार खुला झाल्याच्या भरात हिम्मतरावांनी शेड आणि पेटंट मुंबईच्या एका कंपनीला विकले. सहीसाठी कागद माझ्यापुढे आला आणि मी त्यावरही सही केली, मला आता सवयच झाली होती. नव्या साहेबांनी जुनी माणसे काढली, उमाजी त्यात पहिला. मग सगळी यंत्रे वाफेने स्वच्छ धुतली. पेटंटात लिहिल्याबरहुकूम सावकाश गार केले. राळ!

जुने स्फटिक कुठे मिळतील ते विचारायला हिम्मतराव उस्मानिया बिस्किटांचा डबा घेऊन माझ्याकडे आले. मी त्यांना दारातून परत पाठवले आणि तासभर स्वतःला फार सज्जन समजलो. मग कळले की ते आधी उमाजीकडे जाऊन आले होते. उमाजी तेव्हा अफझलगंजच्या गोदामात पोती उतरवत होता, आजही तेच करतो. त्याच्याकडे पहिल्या पांढऱ्या बॅचचे स्फटिक एका डबीत जपून ठेवलेले आहेत. ते त्याने दिले नाहीत. मला सांगत होता, "कागदावर आपलं नाव हाय साब. त्या नावाचा माल चोरून इकू काय?"

मी घरी येऊन ओकलो.

कलम ८. उमाजीची मुलगी ज्योती आता बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा खंडेनवमीला काच पुसायला चौकट तिने उतरवली. पुसता पुसता ती थांबली. मी पाटावर बसलो होतो. तिने विचारले, "काका, बाबांचं नाव कुठल्या पानावर आहे?"

मी म्हणालो, "मागच्या."

तिने वळून बापाकडे पाहिले. उमाजी पंक्तीत हसत होता. "असेल," ती म्हणाली, आणि चौकट होती तिथे लावून टाकली. एकोणीस वर्षांच्या पोरीने बापाची लाज राखली आणि तिच्यामागे मी लपलो. हिम्मतरावांची किळस मला जुनी आहे. त्या दिवसापासून स्वतःचा हात ताटात घालवत नाही.

कलम ९. सबब, माझ्या मृत्यूनंतर तेरा दिवसांच्या आत विक्रमने उमाजीच्या घरी जावे आणि कलम पाच ते आठ त्याला वाचून दाखवावीत. सोबतचे प्रतिज्ञापत्र, ज्यात खरा शोधकर्ता आणि पूर्ण कृती दोन्ही लिहिली आहेत, पेटंट कचेरीकडे पाठवावे. पेटंट रद्द झाले तर होऊ द्यावे. हिम्मतरावांवर कंपनीने दावा लावला तर विक्रमने त्यात पडू नये.

~~~

पुरवणी. वरील मजकूर आज सकाळी पुरा झाला. साक्षीदार म्हणून मी मिलिंद वकिलांना आणि ज्योतीला बोलावले होते. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही असे वकील म्हणाले. मी तिला वाचायला लावले. तिचे शिक्षण इंग्रजीतून झाले आहे, ती ओळीखाली बोट धरून सावकाश वाचते. नवव्या कलमाला तिने पेन खाली ठेवले.

"मी सही नाही करणार. हे मेल्यावर का, काका?"

मी म्हणालो, जिवंतपणी तोंड होत नाही.

"मग तुम्ही गेल्यावर बाबांनी चिडायचं कोणावर? विक्रमदादावर?"

वकील खिडकीबाहेर पाहू लागले. ज्योती दारात जाऊन चपला घालून उभी राहिली.

म्हणून कलम ९ मधील 'माझ्या मृत्यूनंतर' येथपासून 'वाचून दाखवावीत' येथपर्यंतचा मजकूर मी रद्द करत आहे, कारण ते काम आज दुपारी चार वाजता मी स्वतः केले. वकील आणि ज्योती सोबत होते. उमाजी खाली बघत ऐकत होता. सगळे ऐकून त्याने एवढेच विचारले, "मंग डबीतलं कुणाचं, साब?"

"तुमचं," मी म्हणालो. सोळा वर्षांत उमाजीला मी पहिल्यांदा अहो-जाहो केले. त्याने मान हलवली आणि उठून डबी आणायला आत गेला. ती आहे ना, हे बघायला गेला असावा.

भामाने चौकट उतरवली. कुंकवाचा थर काचेवर इतका जाड झाला होता की खालचे नाव वाचता येत नव्हते. तिने तो अंगठ्याने खरवडून पाहिला आणि मला विचारले, "म्हंजी नऊ वर्सं मी तुमच्या नावाला कुकू लावलं?"

मी हो म्हणालो. तिने चौकट माझ्या हातात दिली आणि आत गेली. जेवायला थांबा, असे आज कोणी म्हणाले नाही.

वरील सर्व वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली.

एकनाथ माणिकराव भालकीकर

साक्षीदार:
१. अॅड. मिलिंद पांगरेकर, गौलीगुडा
२. ज्योती उमाजी सोनटक्के, विद्यार्थिनी, रसायनशास्त्र

स्थळ: हैदराबाद
दिनांक: ११ ऑक्टोबर १९९८

सोबत: डॉक्टरांचा दाखला एक. प्रतिज्ञापत्र एक. चौकट एक, काच पुसू नये.