सिप्रियनची केळी आणि आमचा घरखर्च

मित्रवर्य वॉल्टर यास,

एव्हरशाईन सिटीतून सुधाकरचा सप्रेम नमस्कार. बिस्किटाच्या जुन्या डब्यातली चिल्लर पाटावर ओतल्याचा आवाज तुला आठवतो का? तुला कुठून आठवणार, तो आमच्या घरचा. मला मात्र हल्ली रोज दिवेलागणीला तोच ऐकू येतो. तुझा गुडघा कसा आहे? फ्लॉसीवहिनींचा खोकला थांबला असेल, असं धरून चालतो.

लग्नापासून आमचा रिवाज असा, की मनोरमा ती चिल्लर मोजत दिवसाचा खर्च सांगायची आणि मी वहीत उतरवायचो. मध्येच मला शाळेतली एखादी कविता आठवायची, ती मी म्हणायचो, आणि ती म्हणायची, "हं, पुढे, कोथिंबीर." (अख्ख्या दिवसात तेवढाच वेळ आम्ही समोरासमोर बसत असू.) आता आमच्या सुनेने, विनिताने, सगळ्यांच्या फोनमध्ये घरखर्चाचं ॲप घातलंय. ज्याने खर्च केला त्याने लिहायचा, बाकीच्यांनी बघायचा. मनोरमा तर फोनला तोंडी सांगते आणि तो मेला निमूट लिहून घेतो. मध्ये कविता म्हणत नाही, हा त्याचा गुण तिने मला दोनदा ऐकवला.

तेही सोसलं असतं. पण त्यात शेऱ्याचा रकाना आहे. तिथे रोज काय? "सिप्रियनकडची केळी, गोड." "सिप्रियनकडची वांगी, कोवळी." "सिप्रियनने अळू तसंच दिलं, स्वभाव चांगला." आणि माझ्या नावापुढे? "यांची दाढी." एवढ्या संसारात माझ्या वाट्याला एक विशेषण आलं नाही रे, आणि आमच्या नाक्यावर बसणाऱ्या, मी कधी न पाहिलेल्या, तुमच्या गास गावच्या त्या भाजीवाल्याला रोज एक. वर आमचा मुलगा संकेत त्या शेऱ्यांना लाल बदाम पाठवतो.

शेवटी मी रिक्षा करून थेट गासला गेलो, एका वाडीवरून केळीचा अख्खा लोंगर आणला आणि शेऱ्यात लिहिलं:

पानांआडून हसे केवडा,
सोनकेळीचा घड एवढा!

विनिताचं उत्तर आलं, "बाबा, रिक्षाचं भाडं केळ्यांपेक्षा जास्त झालंय." मनोरमाने लिहिलं, "कच्ची." (विशेषण आलं, पण तेही केळ्यांना.)

तर वॉल्टर, तो सिप्रियन तुझ्याच गावचा, तुझा शेजारी. त्याने भाव जरा चढवावेत, किंवा गिऱ्हाइकाशी थोडं तुसडं वागावं, एवढं बघशील का?

तुझा,
सुधाकर

ता. क. हे मनोरमाला कळता कामा नये. मी काही जळत नाही, मला फक्त घरखर्चाची काळजी.

आणखी ता. क. भावाचं राहू दे. तिने पुन्हा समोर बसून "पुढे, कोथिंबीर" म्हणावं, एवढंच हवंय. फ्लॉसीवहिनींनी तिला सहज बोलता बोलता सुचवलं तर?

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार तोच बेल वाजली. दारात माझ्याहून थकलेला एक म्हातारा, तोंडात एकच दात, डोक्यावर टोपली, हातात मनोरमाचा फोन. म्हणाला, "मी सिप्रियन, गासचा. बाय फोन टोपलीत ठेवून गेली. मी हाक मारली तर बाय बोलते, ऱ्हाऊ दे चार दिस तुमच्याकडं, आमच्या ह्यांना हिशेब लिवायचाय. पन सारखा वाजतो ओ, गिऱ्हाईक काय बोलते ते ऐकू येत नाय."

मी फोन बंद केला आणि त्याच्या टोपलीत, अळवाखाली, परत ठेवून दिला. स्वभाव खरंच चांगला आहे रे माणसाचा.