नव्या दुर्बिणीतला डाग

३ फेब्रुवारी

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. गुडघे कुरकुरतात म्हणून प्रत्यक्षात फक्त मान लववली आहे, बाकीची अंगं तू धरून चाल.

आम्ही दोघं मजेत. तुझ्या भावजयीने शिवणाच्या शिकवण्या पुन्हा सुरू केल्या आहेत, त्यामुळे घरात जिथे बसावं तिथे टाचणी. तुझे गुडघे काय म्हणतात? जावईबापूंनी जिना अजून बंदच ठेवलाय की काही सूट मिळाली?

पत्राला निमित्त बाबांची रायफल. एप्रिलच्या जोडीच्या स्पर्धेचं पत्रक क्लबात लागलं. एका घरातले दोघं, म्हणजे आपण बहीणभाऊ, रायफल एकच, नियम जुनेच. फक्त यंदा साठी उलटलेल्यांना दुर्बीण लावायची मुभा दिली आहे. म्हटलं, आपणही लावून बघावी. सगळेच लावताहेत. दुसरं काही कारण नाही.

बाबा काय म्हणायचे ते मला पाठ आहे, तू आठवण करून देऊ नकोस. ‘माशी दिसते तोवर दुर्बिणीचं नाव काढायचं नाही.’ नळीच्या टोकावरच्या त्या लोखंडी टोचाला माशी म्हणतात हे पहिल्या दिवशी तू मला मुद्दाम सांगितलं नव्हतंस. खरीच माशी येऊन बसेल आणि ती उडायच्या आत चाप ओढायचा, अशा समजुतीत मी अर्धी सकाळ पालथा पडून होतो. तू झाडामागे हसत होतीस. असो.

पहिली दुर्बीण घेतली ती तुझ्या भावजयीच्या सल्ल्याने. ‘घ्यायचीच तर मोठी घ्या, एवढ्याशा नळकांड्यातून काय दिसणार?’ घेतली मोठी. पुढचं भिंग बशीएवढं. घरी आणून बघतो तर ते नळीवरच टेकतंय. मग तिला वर उचलायला उंच रिंगा आणल्या. रिंगा म्हणजे दोन कड्या, वरून दुर्बिणीला धरतात आणि खालून रायफलीला. त्या लावल्या तर दुर्बीण इतकी वर गेली की गाल दस्त्याला लागेना. कुंपणापलीकडचा पाला खाणाऱ्या बकरीसारखी मान ताणून मी नेम धरतोय आणि क्लबातली मंडळी चहा सोडून बघताहेत.

त्यात रिंगा निघाल्या रुंद पट्टीच्या. आपल्या रायफलीच्या पाठीवर फक्त दोन बारीक चर आहेत, बोटाला जेमतेम लागतील असे. रुंद पकड त्यात बसते कुठली? आडदांडपणे आवळली, आणि चारपाच गोळ्यांत दुर्बीण घसरून तोंड खाली करून बसली. आपण दोघं लहानपणी मार खाल्ल्यावर बसायचो तशी.

दुकानवाली बाई मोठी चिवट आहे. एकेकाळी तिने स्वतः खूप बक्षिसं मारली आहेत. मला म्हणाली, ‘काका, ही लांबच्या नेमाची. पन्नास मीटरवर हिच्यातून बघताना डोकं जरा हललं तरी काचेतली नेमाची फुली कागदावर नाचेल. तुमची काडतुसं छोटी, काठावर ठोका बसून उडणारी. धक्का नाही, पल्ला नाही. तुम्हाला हवी जवळच्या नेमासाठी केलेली, छोटी, आणि बारीक चरात बसेल अशी पकड.’ एवढं सांगून वर विचारते, ‘पण काका, इतकी वर्षं माशीवर मारत होतात ना? आता काय झालं?’ मी म्हटलं, काही नाही, हौस.

पण ताई, हल्लीची कारागिरी काही खरी नाही. त्या मोठ्या दुर्बिणीच्या काचेत डाग होता. बरोबर मधोमध, फुलीच्या पोटात. छोटी घेतली, तिच्यातही डाग. बदलून तिसरी आणली, निराळ्या कारखान्याची, तिच्यातही तोच प्रकार. पलीकडचा काळा ठिपकाच दिसत नाही, सगळं पुसल्यासारखं. दुकानवालीने तिन्ही दुर्बिणी उजेडाला धरून पाहिल्या आणि म्हणाली, काच स्वच्छ आहे. मी म्हटलं, बाई, तुम्ही डोळे तपासून घ्या.

बाकी सगळं तसंच, म्हणजे भंगारच. हिने नवे कप आणलेत, त्यांचं तोंड इतकं अरुंद की चहा बाहेरच ओतला जातो. वाचनालयाच्या शेवटच्या पायरीची उंची कोणीतरी बदलली आहे. माणसाने जगावं तरी कसं?

तू तिकीट काढून ठेव. दुर्बिणीचं मी बघतो. ती बसलीच पाहिजे, कारण जोडी नाही तर स्पर्धा नाही, आणि स्पर्धा नाही म्हटल्यावर जावईबापू तुला एवढ्या लांब कशाला सोडतील? वर्षातून एकदा तर तू येतेस. तुझ्या माहितीतली एखादी बिनडागाची दुर्बीण असेल तर कळव. नुसती हौस आहे, दुसरं काही कारण नाही.

तुझा धाकटा

•

११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्याबरोबर एक कान धरणं. ते तुझ्या बायकोने माझ्या वतीने करावं.

माझे गुडघे मजेत आहेत, उरलेली मीच तेवढी दुखते. जिना बंदच आहे. जावई माणूस चांगला, पण काळजी करण्यात त्याने पदवी घेतली आहे.

आता तुझ्या पत्राकडे वळते. अरे, मी आगगाडीत तिकिटं तपासण्यात जन्म घालवला. तिकीट असलेला माणूस खिशात हात घालतो आणि तिकीट दाखवतो. नसलेला, कोणी विचारायच्या आत, बोलायला लागतो. तुझ्या पत्रात ‘दुसरं काही कारण नाही’ दोनदा आहे. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हाच मी म्हटलं, हा गडी बिनतिकीट.

तीन दुर्बिणी, वेगवेगळे कारखाने, आणि डाग प्रत्येकीत फुलीच्या पोटात? माशी शिंकली ती काचेत नाही रे. कुठे शिंकली ते तुला कळलंय. कळलंय म्हणूनच तू चार पानं रिंगांवर लिहिलीस.

हे पत्र खाली ठेव आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघ. आधी उजवा डोळा झाकून, मग डावा झाकून. कोणत्या वेळी काटे गायब झाले ते मला लिही. नेम धरताना तू डावा मिटतोस, म्हणून चोरी तिथेच पकडली गेली. एरवी डावा बिचारा उजव्याची चोरी झाकत असणार. झाकता झाकता चहा सांडतो, पायरी चुकते. कपांना आणि वाचनालयाला नावं ठेवू नकोस, त्यांनी तुझं काय वाकडं केलंय?

डॉक्टरकडे जा. उद्या. आणि त्या दुकानवाल्या बाईची माफी माग.

आणखी एक गोष्ट तू विसरलास, मी नाही. बाबांनी तुझ्या हातात ती रायफल दिली त्याआधी तू सगळं डाव्याने करायचास. बेचकी डाव्याने मारायचास, आणि माझ्यापेक्षा चांगली मारायचास, हे आता इतक्या वर्षांनी कबूल करते. रायफलीचा गोळी भरायचा बोल्ट उजवीकडे, म्हणून खांदा उजवा, म्हणून डोळा उजवा. बाबांनी दुष्टपणाने नाही केलं, त्यांच्याकडे रायफल एकच होती. आख्खी आळी तुला डावऱ्या म्हणायची. मग ते नाव मागे पडलं, पण तो पोरगा गेला कुठे? असेल तिथेच कुठेतरी.

तिकीट अजून काढलेलं नाही. डॉक्टरने काय सांगितलं ते खरंखरं लिही, मग काढते. खोटं लिहिलंस तर एप्रिलमध्ये मी येणार नाही, आणि जावयाला म्हणेन की भाऊच नको म्हणाला.

घाबरलास ना? मीही घाबरले आहे. म्हणून एवढं ओरडते आहे.

तुझी ताई

•

१४ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. या खेपेला खरोखर वाकून केला. हिने साक्षीदार म्हणून सही करायची तयारी दाखवली आहे.

उशीर झाला, कारण खरं लिहायचं होतं आणि खरं लिहायला मला वेळ लागतो.

घड्याळाचे काटे डावा झाकल्यावर गायब झाले. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. उजव्या डोळ्याची मधली जागा गेली आहे. कडेचं दिसतं, दिसत राहील, पण मधलं गेलं ते परत येणार नाही. डावा स्वच्छ आहे, मात्र त्याच्यावर लक्ष ठेवावं लागेल, अधूनमधून दाखवत राहायचं. हे सगळं तिने फार हळुवारपणे सांगितलं. बाहेर येऊन मी बाकावर बसलो आणि रडलो. हिने पिशवीतून टाचण्यांची डबी काढून, झाकण उघडून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, ‘धरा, आणि सांडू नका.’ टाचण्यांची उघडी डबी हातात असली की माणसाला फार वेळ रडता येत नाही, हे मला आता कळलं.

मला माहीत नव्हतं असं नाही, ताई. माशी दिसेनाशी होऊन वर्ष झालं असेल. पण तुला ‘दिसत नाही’ म्हटलं की तू म्हणणार, बास झालं आता, रायफल ठेव कपाटात. मग स्पर्धा संपली, आणि त्याबरोबर तुझं येणंही संपलं. आंधळा होण्याची भीती मला दुसऱ्या नंबरची होती.

दुकानात गेलो, माफी मागितली. भाषण तयार करून नेलं होतं, पण बाईने ते सुरूच होऊ दिलं नाही. म्हणाली, ‘मला त्याच दिवशी वाटलं होतं, काका. बोलायचा धीर झाला नाही. आता सांगा, कोणत्या खांद्याला लावणार?’ मी म्हटलं, डाव्या. मग मात्र तिला असा काही उत्साह आला की गिऱ्हाईकं ताटकळत राहिली.

दुर्बीण चारपटीची. मी जास्त मोठं दाखवणारी मागत होतो. ती म्हणाली, ‘जितकं मोठं बघाल तितकी स्वतःच्या हाताची थरथरही मोठी दिसेल, आणि मग तुम्ही तिलाही डाग म्हणाल.’ पकड बारीक चरांची. रिंगा सगळ्यात ठेंगण्या घेणार होतो, पण बोल्ट उजवीकडे आणि मी डावीकडे. दरवेळी हात वरून पलीकडे न्यायचा, बोल्ट उचलायचा, आणि बोटं दुर्बिणीखाली चेमटायला नकोत. म्हणून एक पायरी उंच घेतल्या. बकरी पुन्हा होऊ नये म्हणून हिने दस्त्यावर गादी शिवून दिली, दोन्ही अंगांनी सारखी, म्हणजे तुझ्या गालालाही चालेल.

दुर्बीण मी घरीच बसवली आणि विजयी मुद्रेने हिला दाखवली. हिने एक डोळा लावला आणि म्हणाली, ‘फुली कललीय.’ मी म्हटलं, शक्य नाही. हिने दाराच्या चौकटीतून दोरा सोडला, खाली कात्री बांधली आणि म्हणाली, ‘आता बघा.’ फुलीची उभी रेघ एकीकडे, दोरा दुसरीकडे. पॅन्टची शिवण सरळ ठेवण्यात जिचं आयुष्य गेलं तिच्याशी मी वाद घालत होतो! सगळे स्क्रू सैल करून पुन्हा पहिल्यापासून बसवली.

मग रेंजवर गेलो. आडवा झालो, रायफल डाव्या खांद्याला लावली आणि सवयीने डावा डोळा मिटला. काळोख. आठवलं, उजवा मिटायचा. तो मिटला, पण डावा उघडायचं राहिलं. मी तसाच शांत पडून. मागून रेंजवाला ओरडला, ‘काका, झोपलात का?’ शेवटी डोळ्यांची जुळवाजुळव झाली, नेम धरला, आणि पहिल्या पाचही गोळ्या शेजारच्या दंतवैद्याच्या कागदावर गेल्या. ‘आज फारच चांगला खेळलो’ म्हणून तो खूश होता. पण हिने त्याला सांगून टाकलं.

सहावी गोळी माझ्याच कागदावर गेली. काळ्या ठिपक्याच्या काठावर. ताई, तो ठिपका मला दिसत होता, आख्खा, कडांसकट. आणि दस्ता त्या खांद्यात असा जाऊन बसला होता, जणू तिथे त्याची वाट बघणारं कोणीतरी होतं. तू म्हणालीस तो पोरगा तिथेच आहे. जरा रुसलेला आहे, पण बेचकीचा हात अजून विसरलेला नाही.

आपण स्पर्धा हरणार, हे नक्की. मी अजून पुढची गोळी कुठे जाईल ते सांगू शकत नाही. पण जोडी आहे. डोळ्याकडची कडी फिरवून दुर्बीण ज्याच्या त्याच्या नजरेला जुळवावी लागते, म्हणून हिने नखांच्या रंगाने तिच्यावर दोन ठिपके दिले आहेत. निळा माझा. लाल तुझा, तो अंदाजाने दिलाय, आल्यावर नक्की करू. तोवर त्याला कोणी हात लावायचा नाही अशी घरात सक्त ताकीद आहे.

तेव्हा आता खरं लिहिलं आहे, सगळं. तिकीट काढ. जावईबापूंना हे पत्र वाचायला दिलंस तरी चालेल.

आणि फलाटावर एक गोष्ट होईल, ती आधीच सांगून ठेवतो. तू डब्यातून उतरलीस की मी उजवा डोळा मिटून तुला डाव्याने नीट बघून घेणार आहे. चार लोकांना वाटेल, म्हातारा चक्क डोळा मारतोय. वाटू दे. तू मात्र रागावू नकोस, तिथेच उभी राहा, माझं बघून होईपर्यंत.

वाट बघणारा, तुझाच,
डावऱ्या